वाडी-सात

माझ्या आईचं नाव मी माझ्याच हाताने खोडलं. कंपनीत माझा तो तिसरा दिवस होता.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी टाइम ऑफिसला लागले होते. टाइम ऑफिस म्हणजे कामगारांची हजेरी ठेवायची खोली. समोर एक्सेलची शीट उघडी होती आणि मी कंत्राटी माणसांची यादी भरत होते. आमच्या वाडीची बारा माणसं रोज कंत्राटदाराच्या टेम्पोने तिथे येतात. ड्रम धुतात, गवत काढतात, गटारं उपसतात. सातव्या ओळीत मी टाइप केलं, बारकी गोमा वाघमारे. ती माझी आई.

टाइम ऑफिसचे पाटणकर साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हे काय करतेस? यांची नावं कशाला?"

"सगळ्यांची आहेत ना, साहेब."

"ती कंपनीची माणसं. ही रोज बदलतात. आज एक येते, उद्या तिची बहीण. वाडी-१, वाडी-२ असं लिही बारापर्यंत. कोण कोण आहे ते तुम्हा लोकांना तरी ठाऊक असतं का?"

खोलीतले दोघं कारकून हसले. खिडकीबाहेर आई उभी होती. माझा डबा तिच्या पिशवीत राहिला होता, तो द्यायला आली होती. तिने सगळं ऐकलं. डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि ड्रमच्या शेडकडे चालू लागली.

मी बॅकस्पेस दाबला. एकेक अक्षर मागे मागे गेलं. मोकळ्या जागेत मी लिहिलं, वाडी-७. साहेब म्हणाले, "शाब्बास."

आम्ही कातकरी. पेणजवळ हमरापूरच्या पुढे ओढ्याच्या कडेला आमची वाडी. लहानपणी मी आईबरोबर शेजारच्या जोहे गावी गणपतीच्या कारखान्यात जायचे. ओल्या मूर्ती उचलून उन्हात ठेवायच्या, उन्हातल्या आत आणायच्या. पाठीचा काटा ढिला व्हायचा. पण तिथला मालकसुद्धा आईला "बारके, इकडे ये" अशी हाक मारायचा. हाकेत मान नव्हता, पण नाव होतं. मी बारावी केली, पेणला कॉम्प्युटरचा कोर्स केला, वाडीतली ऑफिसात बसणारी पहिली पोर झाले. आणि ऑफिसात बसून पहिलं काम काय केलं, तर आईचं होतं तेवढं नावही काढून घेतलं.

माझं रोजचं काम असं. कंपनीला तीन गेट. प्रत्येक गेटवरचा वॉचमन आत आलेल्यांची नोंद वहीत करायचा आणि कालचं पुसून आपापल्या शीटमध्ये भरायचा. मी सकाळी त्या तिन्ही शीट उघडायच्या, एकेक तुकडा उचलायचा, मोठ्या शीटमध्ये चिकटवायचा, शिफ्टप्रमाणे लावायचा, छापायचा. अडीच तास जायचे. एक ओळ वरखाली झाली की साहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "कोट्यातून आलं की असं होतं." मी तिथे कोट्यातून आले नव्हते. खासगी कंपनीत कसला आलाय कोटा. पण हे त्यांना सांगून काय उपयोग, त्यांना सगळं माहीतच होतं.

पेणहून रोह्याला सकाळच्या गाडीत मला बसायला जागा मिळायची. तिथे मोबाइलवर मी एक व्हिडिओ बघितला. एक्सेलमध्ये मॅक्रो म्हणून एक गोष्ट असते. आपण जे करतो ते एकदा रेकॉर्ड करायचं, मग एक बटण दाबलं की मशीन तेच काम स्वतः करतं. मला आधी खोटंच वाटलं. ऑफिसात गेल्यावर करून बघितलं. अडीच तासांचं काम डोळ्यांदेखत झालं. मी तीनदा तपासून बघितलं, एक ओळ वरखाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तोंडावर आपटले. रेकॉर्ड केलं त्या दिवशी कंत्राटी गेटवर चाळीस माणसं होती. मशीनने चाळीसच ओळी शिकून घेतल्या होत्या. आज त्रेचाळीस होती, तर खालची तिघं गळाली. शिवाय मी आधी जुन्या ओळी पुसल्या होत्या, तेही मशीन शिकलं होतं. त्याने कालची अख्खी हजेरी पुसून टाकली. आणि मॅक्रोने केलेलं मागे घेता येत नाही, हे त्या व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं नव्हतं.

साहेबांनी मला खुर्चीवरून उठवलं. उभं केलं. म्हणाले, "झाडू मारणाऱ्यांच्या हातात कॉम्प्युटर दिला की कचराच होणार." मग दिवसभर मी वॉचमनच्या वह्या मांडीवर घेऊन जमिनीवर बसले आणि सगळी हजेरी कागदावर परत उतरवली. खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बस, असं कोणी म्हणालं नाही आणि मीही बसले नाही. माझी मला लाज वाटते ती याचीच.

त्यानंतर मी रेकॉर्ड करणं सोडलं आणि लिहायला शिकले. मॅक्रोच्या पोटात इंग्रजीत ओळी असतात, त्या आपण हाताने लिहू शकतो. मी शंभर पानी वही केली. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला माझा अर्थ. 'इफ' म्हणजे जर. 'फॉर' आणि 'नेक्स्ट' म्हणजे या ओळीपासून त्या ओळीपर्यंत एकेकीकडे जा, कोणाला सोडू नको. आजची शेवटची ओळ कुठली ते मशीनने आधी शोधायचं, मग कामाला लागायचं. चाळीस असोत की त्रेचाळीस. पेण ते रोहा, रोहा ते पेण, गाडीत वही. रविवारी वही. इंग्रजीने माझा पार जीव काढला.

पण एक गोष्ट मला फार आवडली. आपलं चुकलं की मशीन ती ओळ पिवळी करतं आणि तिथेच थांबतं. हसत नाही. जात काढत नाही. इथे चुकलंय एवढंच सांगतं, दुरुस्त केलं की पुढे जातं. मला आयुष्यात इतकं सरळ कोणी शिकवलं नव्हतं.

पावसाळा संपेपर्यंत माझा मॅक्रो न चुकता चालायला लागला. हेड ऑफिसातून मोठे साहेब आले तेव्हा पाटणकरांनी बटण दाबून दाखवलं. "आम्ही हे डेव्हलप केलं," म्हणाले. मी चहाचे कप गोळा करत होते. त्या दिवशी शिपाई रजेवर होता, म्हणून ते काम मला सांगितलं होतं. शिपायाऐवजी मीच का, हे मी विचारलं नाही.

मग मॉक ड्रिल झालं. केमिकल कंपनीत ते करावंच लागतं. गॅस सुटला असं समजून भोंगा वाजतो, सगळ्यांनी मैदानात जमायचं. टाइम ऑफिसने हजेरीची शीट आणायची आणि आत कोणी राहिलं नाही ना, ते बघायचं. माझ्या मॅक्रोने काढलेली शीट माझ्या हातात होती. साहेब एकेक नाव वाचत होते. श्री. अमुक, सौ. तमुक. लोक हात वर करत होते.

शेवटी वाडीची पाळी. तिथे वाचायला काही नव्हतंच. साहेबांनी बोटाने डोकी मोजली. बारा. टिक केली.

मी बघत होते. माझी आई त्यांच्यात नव्हती.

त्याचं असं झालं होतं. आदल्या दिवशी आईला ताप होता. आमच्यात कोणी आजारी पडलं की नात्यातलं दुसरं कोणीतरी त्याच्या जागेवर कामाला जातं. जागा जाऊ नये म्हणून. म्हणून ड्रिलच्या दिवशी मावशी आईच्या जागी निघाली. पण आईला राहवेना, तीही टेम्पोत चढली. कंत्राटदाराच्या मुकादमाने दोघींना आत घेतलं. आईला ड्रमच्या शेडमध्ये पाठवलं, मावशीला गवत काढायला. म्हणजे त्या दिवशी वाडीची तेरा माणसं आत होती. मैदानात बारा होती. शीटवरही बारा होती, कारण वॉचमन रोज वाडी-१ ते वाडी-१२ एवढंच भरायचा.

मी म्हटलं, "साहेब, आई नाय."

"बारा आहेत."

"तेरा आलीत. माझी आई शेडमध्ये राहिली. तिथं पंप चालू हाय, भोंगा ऐकू येणार नाय."

त्यांनी शीट माझ्यासमोर धरली. "दाखव. कुठे आहे तुझी आई यात?"

मी शीट बघितली. माझीच शीट. माझ्याच मॅक्रोने बनवलेली, एक ओळ वरखाली नसलेली. त्यात माझी आई कुठेच नव्हती. मीच तिला तिथून काढलं होतं.

मी शेडकडे निघाले तर सिक्युरिटीने अडवलं. ड्रिल संपेपर्यंत कोणी आत जायचं नाही. ड्रिल बघायला आलेल्या मोठ्या साहेबांनी घड्याळ बघून सांगितलं, उत्तम झालं, सगळे बाहेर. टाळ्या वाजल्या. बिस्किटं वाटली. आई अर्ध्या तासाने ओल्या पायांनी बाहेर आली आणि मला विचारलं, "कसला भोंगा गो? म्या नाय ऐकला."

खरा गॅस असता तर? तर संध्याकाळच्या रिपोर्टात लिहिलं गेलं असतं, सगळे सुखरूप. आणि शीट त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला उभी राहिली असती. मला तेव्हा रडू आलं नाही. राग आला, आणि तो आधी माझा मलाच आला.

दुसऱ्या दिवशी, त्या दिवसाची शीट काढून झाल्यावर, मी मॅक्रो उघडला आणि त्यात एक 'जर' घातला. जर नावाचा रकाना रिकामा असेल, किंवा त्यात 'वाडी' असं लिहिलेलं असेल, तर थांब. शीट काढू नको. स्क्रीनवर एवढंच दाखव: माणसाचं नाव लिहा.

त्या संध्याकाळी वाडीत आधी भांडण झालं. मावशी म्हणाली, "नाव लागलं की बदली बंद. आजारी पडलो तर जागा जाईल. तू ऑफिसात बसतंस, तुला काय?" तिचं चूक नव्हतं. बिननावाचं राहून आमची माणसं आपली जागा सांभाळत आली होती. मी सांगितलं, बदली करा, पण जी येईल तिने गेटवर आपलं नाव सांगायचं. रोज. आईने मावशीला पाणी दिलं. मग म्हणाली, "सांगू. नाव सांगायला काय जातंय?"

आईने गेटवर नाव सांगितलं. वॉचमनने लिहिलं नाही. त्याला तसा हुकूमच नव्हता. शीट थांबली. साहेबांनी तीनदा बटण दाबलं. मग मला बोलावलं.

"काढ हे."

"नाय काढणार."

"काय म्हणालीस?"

"नावं आली की चालेल. नाहीतर हाताने करा, अडीच तास लागतात."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कंपनीचं काम अडवून धरतेस, म्हणाले. मी मॅक्रो उघडून स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. कुलूप नाही, पासवर्ड नाही. ती ओळ तिथे आहे. वाचा आणि काढा. त्यांनी माउस वरखाली फिरवला. हे आम्ही बनवलं, असं सांगणाऱ्या माणसाला त्यातली एक ओळ वाचता आली नाही.

शेवटी त्यांनीच गेटवर फोन करून नावं लिहायला सांगितलं. दोन दिवस नावं आली. वॉचमनने मुकाट लिहिली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, साहेबांनी मला दारात गाठलं. "सोमवारी ती ओळ गेलेली दिसली पाहिजे. नाहीतर तू गेलीस. बाहेरून माणूस आणून काढून घेईन."

आणतीलही. मला काही भ्रम नाही. हुशार माणूस येईल, दोन मिनिटांत ओळ काढेल, आणि आई पुन्हा वाडी-७ होईल. म्हणून आज रविवारी मी वाडीतल्या तीन पोरींना समोर बसवलंय. जुना लॅपटॉप, माझी वही. पहिला शब्द शिकवला, 'जर'. एकीला काढलं तर दुसरी बसेल, आणि तीही तीच ओळ लिहील. बदली कशी करायची हे आमच्या लोकांना कोणी शिकवायला नको.

उद्या सोमवार. मी गाडी पकडणार, गेटवर माझं पूर्ण नाव सांगणार, खुर्चीवर बसणार. साहेब काढ म्हणतील. सगळ्यांसमोर म्हणतील. आईचं नाव मी एकदा खोडलंय. पुन्हा खोडणार नाही.