आग्नेलची निम्मी प्रार्थना

मी सावंतवाडीकडचा. देवचाराच्या, भुताखेतांच्या गोष्टी ऐकत वाढलो आणि त्या सांगणाऱ्यांची आयुष्यभर टर उडवली. मीच हे असलं लिहितोय म्हटल्यावर बायको पोट धरून हसेल... हसू दे.

गोव्यात खाणी जोरात होत्या तेव्हा मी तिथे मुळगावात ट्रक चालवायचो. रोझामायच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्याने घेतली होती. भिंतीपलीकडे म्हातारी रोझामाय आणि तिचा एकुलता एक मुलगा आग्नेल. तोही ट्रकवालाच. ट्रक उलटला आणि तेव्हापासून सहा वर्षं खाटेवर. डोळे उघडे, पण हालचाल नाही, तोंडातून शब्द नाही. हा आता बोलणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

म्हातारी मात्र नेम चुकवायची नाही. पहाटे उठल्याबरोबर कपाळा-छातीवर खुरसाची खूण, दुपारी बाराला हातातलं काम टाकून प्रार्थना, आणि संध्याकाळी सातला आग्नेलच्या उशाशी तेर्स — म्हणजे त्यांची जपमाळ. त्यात प्रत्येक प्रार्थना निम्मी एकाने म्हणायची, उरलेली निम्मी दुसऱ्याने. रोझामाय आपली निम्मी म्हणायची आणि गप्प बसायची. आग्नेलची निम्मी म्हणायला लागेल बरोबर तेवढा वेळ. मग पुढचा मणी. रोज पन्नास वेळा!

"माय, त्याची पण तूच म्हणून टाक गो. देव काय आवाज ओळखतोय?" मी एकदा चेष्टेत म्हटलं.

"आणि त्याला बोलायचं झालं तर? जागा नको?" ती उसळली. परसातल्या विहिरीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाव रोज उपसावी लागते रे पुता. एक दिस सोडली तर झरो बुजता. माझं बळ तसलंच."

एका नाताळाआधी तिला छातीचा ताप आला. हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाली, "सदा, सातांचो तेर्स चुकवू नको. फक्त माझी निम्मी म्हण." दोन वर्षं भिंतीतून ऐकून मला ती पाठच झाली होती.

शेजारीण आग्नेलला भरवून गेली आणि मी बसलो. माळ हातात धरताना लाजच वाटत होती. पहिली निम्मी म्हटली, थांबलो... आणि उत्तर आलं!

पुरुषाचा आवाज. घोगरा, शांत. आग्नेलचे ओठ मिटलेले. मी खाटेखाली पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. कोणी नाही. पुढची म्हटली, पुन्हा उत्तर. पन्नासच्या पन्नास. शेवटी मी ढसाढसा रडत होतो, आणि खरं सांगतो, भीती अजिबात वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी रोझामायला सांगितलं. "घोगरो? हय रे, तोच!" डॉक्टर नको म्हणत असताना ती त्याच दुपारी घरी आली.

सातला तिने सुरुवात केली. थांबली. काही नाही. दहा मणी गेले, तरी काही नाही. मग माळ माझ्या हातात दिली. "तू म्हण. तुझ्यासमोर त्याला जमतं."

मी म्हटली. उत्तर आलं, अगदी स्पष्ट. मी आनंदाने तिच्याकडे वळलो. ती आग्नेलच्या तोंडाशी कान लावून तशीच वाट बघत होती.

"म्हटलं त्याने?" तिने विचारलं.

आग्नेल अजून म्हणतच होता. तिला काय सांगू? सहा वर्षं जागा राखली हिने, आणि ऐकू येतंय मला?

"नाही गो माय. काल मला भास झाला असेल."

तो आवाज शब्दाच्या मध्येच तुटला. पुन्हा कधीच आला नाही.

"असू दे," म्हणत रोझामायने माळ परत घेतली. त्यानंतर ती चार वर्षं जगली. रोज पन्नास वेळा थांबली आणि काहीही न ऐकता गेली. महिन्याभरात आग्नेलही गेला.

फादरना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. तो आवाज कुठून आला, मलाच का आणि तिला का नाही... आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. मला एवढंच कळतं, त्या संध्याकाळी मी हो म्हणायला हवं होतं.