बिगी: आईची सीट आणि मावशीचा पाटा

गाडी तयार होऊन चार महिने झाले तरी ती आमच्या उदगीरच्या दारात नुसती उभीच होती. एक दिवस अंगणात खुर्ची टाकून बसलेली आई म्हणाली, "कामून उभी केलायस रे ही? पाळणा तयार अन् लेकरूच न्हाई, तसं झालंय." मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "सुशीकडं जाऊ का? आता ती किती दिस काढंल, सांगता येत न्हाई."

सुशी म्हणजे सुशीलामावशी. आईची धाकटी बहीण, कर्नाटकात चिटगुप्प्याला दिलेली. गेल्या वर्षी तिला लकवा झाला, आणि त्याच वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दोघी बहिणी दोन गावांत अंथरुणाला. साध्या कारमध्ये तासभर बसलं की आईचा पाय सुजतो. ही गाडी मी केली ती तिच्यासाठी. तेव्हा निघायचं ठरलं.

मी इंजिनिअर नाही. दहावीला शाळा सुटली ती सुटली. जळालेल्या मोटारी भरणं, वेल्डिंग, सुतारकाम सगळं बघून बघून शिकलो. जुनी बंद बॉडीची गाडी घेतली, आतलं सगळं स्वतः केलं आणि कागदपत्रं रीतसर बदलून घेतली. (हे टाळू नका. राज्य ओलांडायचं असेल तर नाहीच.) चालकाच्या मागं आईची सीट. पाठ हवी तितकी मागं झुकते, पायाखाली फळी येते, आणि पट्टा खांद्यावरून येऊन कमरेला बसतो. पलंगही आहे, पण तो गाडी थांबल्यावर. चालत्या गाडीत माणूस आडवा झोपवायचा नाही, मग तो कितीही दमलेला असो.

गाडी बघायला येणारे पलंग मोजतात, पंख्याचं विचारतात. सामान कुठं आणि कसं बांधलंय हे कुणी विचारत नाही. पहिलं विचारायला पाहिजे ते तेच. ब्रेक दाबला की गाडी थांबते, सामान थांबत नाही. म्हणून जड ते खाली, गाडीच्या तळाला टेकून. गॅसची टाकी उभी, लोखंडी कड्यात, आणि चालताना रेग्युलेटर काढलेला. भांड्यांच्या कप्प्यांना चुंबक लावू नका, खटका लावा. खड्ड्यात चुंबक सुटतं. बाकी सगळ्याला ट्रकवाले वापरतात ते पट्टे, दांडा मागंपुढं केला की आवळत जाणारे. ते अडकवायच्या कड्या पत्र्याला नाही, खालच्या सांगाड्याला बोल्टनं पक्क्या केलेल्या. आणि आईच्या सीटमागं मी एक जाड लोखंडी पट्टी आडवी जोडली होती. बायको सुनंदा तेव्हा म्हणाली होती, "ही कशाला? मागं हत्ती बांधणार हाव का?"

सकाळी निघालो. कमलनगरवरून बिदरपर्यंतचा रस्ता बरा आहे, मध्ये मध्ये काम चालू, तिथं सावकाश. बिदरला किल्ल्याजवळच्या एका टपरीवर सुसला खाल्ला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा प्रकार, वर फुटाण्याच्या डाळीची पूड आणि सोबत मिरचीची भजी. चहा धरून माणशी पन्नासच्या आत पोट भरतं. आईनं खिडकीतूनच किल्ला बघितला. "तवा लै मोठा वाटायचा," एवढंच म्हणाली. मग कमठाण्याकडं गाडी वळवायला लावली. ते तिचं माहेर, पण आता तिथं आमचं कुणी नाही. शाळेजवळ दोन मिनिटं थांबलो. ती उतरली नाही. काच खाली घेतली, बघितलं, काच वर केली.

हळ्ळीखेडला चहाला थांबलो तेव्हा मी नेमानं मागचं दार उघडून सगळे पट्टे तपासले. निघाल्यावर पहिल्या दहा-बारा किलोमीटरला थांबून तपासायचंच, आणि मग प्रत्येक थांब्याला, कारण सामान हलून बसतं आणि पट्टा सैल होतो. चहावाला किटली घेऊनच बघायला आला.

"अण्णा, आत पलंग बी हाय व्हय?"

"हाय की."

"मग बायको रुसली की माहेरी जायचं कामच न्हाई. हितंच जाऊन बसायचं."

आतून सुनंदा म्हणाली, "अन् नवरा रुसला तर टपावर."

त्या दिवशी आई हसली ती तेवढीच.

चिटगुप्प्याला पोचलो तेव्हा मावशी ओसरीत बाजेवर उशांना टेकवून बसवलेली होती. तिचा मुलगा बसू, तिथंच कापडाचं दुकान चालवतो. त्यानं आधीच सांगून ठेवलं, "दादा, तिची मराठी गेली बघ. कानडीतले चार शब्द येतात, ते बी येतील तवा."

दोघी बहिणींनी एकमेकींना बघितलं. मावशीचं तोंड एका बाजूला ओढलेलं. बराच वेळ ओठ हलत राहिले आणि मग शब्द आला, "अक्का."

आईनं तिचा हात हातात घेतला. तो उजवा हात, त्यात जोर नाही. तिनं तो ठेवून दिला आणि डावा घेतला. मग त्या हातानं आईची बोटं धरली. संध्याकाळपर्यंत दोघी तशाच बसून होत्या. सुनंदानं ताटं नेली तेव्हा आईनं एका हातानं भाकरी मोडून दोघींचं जेवण केलं.

सकाळी निघायच्या वेळी बसू म्हणाला, "दादा, आई कालपासून पाट्याकडं बोट करायलीय. अक्काला दे म्हणायलीय."

तो पाटा-वरवंटा त्यांच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा. वाटून वाटून मध्ये खोलगट झालेला काळा दगड. आई म्हणाली, "तुझ्या घरचा हाय, राहू दे." मावशीनं मान हलवली. नाही. हे नुसतं उचलून देणं नव्हतं, जायच्या आधी तिचं वाटून देणं चाललं होतं, आणि ते आम्हाला सगळ्यांना कळलं.

बसूनं आणि मी पाटा उचलून गाडीत ठेवला. दगडाला ओरखडा नको म्हणून मी तो वाकळेत गुंडाळला आणि वर पट्टा टाकला. बसू डाळीची पिशवी आणायला आत गेला. आई देवापुढं होती. ओसरीवर मावशी एकटी माझ्याकडं बघत होती. एकाएकी म्हणाली, "बिगी." मी वळलो. तिनं चांगला हात उचलला. "बिगी... बिगी..."

मला कानडी कळते असं मी चारचौघांत सांगतो. पण त्या क्षणी मी ऐकलं ते आपल्या मराठीतलं. बिगीबिगी. लवकर. मनाला लागलं. एवढ्या लांबून आलो, आणि ही आम्हाला घालवायला लागली? दमली असेल, असं स्वतःला समजावलं. "व्हय मावशी, निघतोच," म्हणालो, दांडा दोनदा ओढला आणि दार लावलं. एरवी मी सामान दोन्ही हातांनी हलवून बघतो. त्या दिवशी बघितलं नाही.

हुमनाबादवरून कलबुर्गीचा रस्ता धरला. तिथं अप्पा म्हणतात त्या संताच्या देवळात आईला जायचं होतं. दहा-बारा किलोमीटरला थांबायचं, तेही मन ठिकाणावर नसल्यानं राहिलं. कमलापूरच्या अलीकडं उतार लागतो. वळणावर शेळ्यांचा कळप रस्त्यात आला आणि मी ब्रेक दाबला.

आवाज आधी आला. मग आख्खी गाडी हादरली, जणू मागून कुणी धडक दिली.

"आई!" सुनंदा ओरडली.

आई पट्ट्यात पुढं झुकली होती, मान धरून. मी मागं गेलो. पाटा वाकळेसकट पट्ट्याखालून निसटून सरळ पुढं आला होता आणि सीटमागच्या लोखंडी पट्टीवर बसला होता. पट्टी वाकली होती. पट्टीच्या पलीकडं आईची पाठ होती.

वाकळ मऊ. गाडीच्या हादऱ्यांनी ती दबली, आणि दबली तितका पट्टा सैल झाला. हे मला माहीत आहे. दुसऱ्यांना मी ते सांगतो.

रस्त्याकडेला लिंबाखाली खुर्ची टाकून आईला बसवलं. पाणी प्यायली. मान वळत होती, पण दुखत होती. ती गाडीकडं बघून म्हणाली, "मला बसमदी बसव. मी ह्याच्यात येत न्हाई."

माझ्या तोंडून गेलं, "मावशीनंच घाई केली. बिगी बिगी म्हणत होती."

"काय म्हणत होती?"

"बिगी."

आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "ती आता कानडी बोलती रे. बिगी म्हंजे घट्ट. घट्ट बांध म्हणत होती तुला."

कमलापूरची लाल केळी घेऊन एक टेम्पो गेला. मग मी गाडीत चढलो. वाकळ काढली. पाटा उघडा, तळाला अंथरलेल्या रबरावर पालथा घातला, आईच्या सीटपासून दूर, मागच्या चाकांच्या वर. दोन पट्टे एकमेकांना फुली मारून टाकले आणि आवळले. वरवंटा वेगळा, खटक्याच्या कप्प्यात.

आई वॉकर घेऊन मागच्या दाराशी आली. आत हात घालून तिनं पाटा हलवून बघितला.

"आणखी."

मी आवळला.

"आणखी."

तिसऱ्यांदा दगड हलला नाही. ती म्हणाली, "बिगी आयतु," म्हणजे झालं घट्ट, आणि सुनंदाचा हात धरून आपल्या सीटकडं गेली.

कलबुर्गीत आधी दवाखाना केला. डॉक्टर म्हणाले, स्नायू दुखावलाय, हाडाला काही नाही. देवळाजवळच्या साध्या लॉजवर राहिलो. गाडी आत लावायला जागा देतात, आधी फोन करून विचारा. खानावळीत कडक ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी चांगली होती, मला गेली नाही. परतताना हुमनाबादच्या चौकात मी विचारलं, "पुन्हा चिटगुप्प्याला वळू का?" आई म्हणाली, "नको. निरोप झालाय आमचा."

घरी येऊन वाकलेली पट्टी काढली. नवी घातली, जुन्याच मापाची. जुनी माझ्या वेल्डिंगच्या दुकानात समोरच्या भिंतीवर टांगली आहे, मला रोज दिसेल अशी. पाटा स्वयंपाकघरात ओट्याशेजारी आहे. सुनंदा मिक्सर सोडून चटणी त्याच्यावर वाटते, आई शेजारी बसून मीठ सांगते.

पाऊस सरता सरता बसूचा फोन आला. मावशी गेली.

आम्ही लगेच निघालो. मागं काहीच सामान नव्हतं, पाण्याची एक बाटली सोडून. आई सीटवर बसली, पुढं बघत. मी गाडी चालू केली.

"बिगी?" तिनं विचारलं.

मी गाडी बंद केली. उतरून तिच्या बाजूला गेलो, तिच्या खांद्यावरचा पट्टा ओढून बघितला, कमरेशी हात घालून पुन्हा ओढला.

"बिगी," म्हणालो, आणि मग निघालो.