गोविंदशेटचे घेणेकरी

दिवाळं एकाचं निघतं, पण उघडे पडतात सगळेच घेणेकरी. आणि असले किस्से साचतात आमच्यासारख्या वकिलाच्या कारकुनाकडं. पुष्कळ वर्षं मी ते लोकांना हसवायला सांगितले. आता सांगताना मान खाली जाते. त्या सगळ्या कागदांवर अक्षर माझंच होतं.

सुप्यात गोविंदशेट लाकडाचे ठेकेदार होते. एका पुरात त्यांचा रानात तोडून ठेवलेला सगळा माल वाहून गेला आणि त्यांनी कारवारच्या कोर्टात नादारीचा अर्ज केला. कोर्टानं रिसीव्हर नेमला. जे उरलंय ते गोळा करायचं आणि घेणेकऱ्यांना वाटून द्यायचं, हे त्याचं काम. शेटच्याच पडवीत रिसीव्हरचं टेबल लागलं. मोठे घेणेकरी सगळे आमच्या वकिलांचे अशील.

*

खानापूरचे धान्यवाले बाळप्पा सगळ्यांत हुशार. अर्जाची कुणकुण लागताच त्यांनी शेटच्या वखारीतलं सागवान गाड्या भरून नेलं. कोर्टात जायच्या तोंडावर एकालाच असा माल दिला, तर कायदा तो परत मागतो. म्हणून मी विक्रीच्या कागदावर मागची, चैत्रातली तारीख घातली.

रिसीव्हरनं कागद उलटा केला. मागं स्टॅम्प विकल्याची तारीख होती, आषाढातली.

"बाळप्पा, तुमचा कागद जन्माआधीच बोलायला लागला की."

बाळप्पा म्हणाले, "लाकडं परत आनतो साहेब. पन गाडीभाडं कुनाच्या नावावर लिवू?"

सगळे हसले. मीसुद्धा.

*

तेलाचे व्यापारी दत्तोबा. स्वतःचा दावा होताच, वर बायकोच्या नावानं आणखी एक लावला, म्हणजे वाटणीत दोन वाटे. अर्ज मीच लिहिला. रिसीव्हरनं बाईंना बोलावून घेतलं.

"तुम्ही गोविंदशेटना पैसे उसने दिले?"

बाई नवऱ्याकडं बघत म्हणाल्या, "मी कुठनं देनार? लुगड्याला मागते तर हेच दीत न्हाईत."

*

शेटचे जुने स्नेही रामण्णा यांच्याकडं घर गहाण होतं. बाकीचे हमरीतुमरीवर आलेले, हे शांत. ज्याच्याकडं तारण, त्याला घाई नसते. दुपारी शेटच्याच घरात जेवले, हात धुतले आणि मला हळूच म्हणाले, "परड्यातला फणस गहाणात येतो का, तेवढं बघा."

मी बघितलं. येत होता.

*

मंजुळाक्का उळवीकडच्या रानात शेटच्या मजुरांचा स्वयंपाक करायची. चार महिन्यांचा पगार थकलेला. नोकराचा पगार, ठरावीक रकमेपर्यंत, बाकी घेणेकऱ्यांच्या आधी द्यायचा, असं कायद्यात होतं. मला ते ठाऊक होतं. पण तेवढंच आमच्या अशिलांच्या वाट्यातनं कमी होणार. वकील म्हणाले होते, "तिनं विचारलं तर सांग."

दावे लावायच्या शेवटच्या दिवशी ती आली. रानातनं चालत, डोक्यावर तांब्याचा हांडा. रिसीव्हर जेवायला गेले होते. त्यांच्या जागी यादी लिहायला टेबलाशी मी, आणि आतल्या खोलीत वकील.

"अण्णा, ह्यो हांडा शेटचा हाय. रानात ऱ्हायला हुता. शेटचं आसंल ते जमा करा म्हून दवंडी दिली न्हवं?"

मी हांडा यादीत लिहिला. पगाराचं ओठावर आलं होतं. आतनं वकिलांचं खाकरणं ऐकू आलं.

"आणखी काही सांगायचंय, अक्का?" मी एवढंच विचारलं.

ती जरा घुटमळली.

"व्हय. बुडाला पोचा आलाय बघा. त्योबी लिवा. माझ्या हातनं आलाय."