तळघरातला ज्वालामुखी

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात म्हणा, पण चहा संपेपर्यंत तरी दम धरा.

मेलबर्नला मी ज्या छोट्या कंपनीत आहे, तिथे ज्वालामुखींवर नजर ठेवणारी यंत्रं तपासून पॅसिफिकमधल्या बेटांवर पाठवतात. त्यातलं माझं लाडकं म्हणजे टिल्टमीटर. पोटात तप्त शिलारस चढू लागला की डोंगर किंचित फुगतो, जमीन कलते आणि हे यंत्र ते टिपतं. किती बारीक? किलोमीटरभर लांब फळी घ्या आणि तिच्या एका टोकाखाली नाणं सरकवा. तेवढा कलसुद्धा याला कळतो! अशा यंत्राला हात जोडावेसे वाटणार नाहीत का?

मी जोडले. तिथेच घोळ झाला.

दसरा होता. आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात, आणि माझं हत्यार कंपनीच्या तळघरात काँक्रीटच्या ओट्यावर शेवटच्या चाचणीला बसलेलं. दुसऱ्या दिवशी ते बोटीवर चढणार होतं. ती बोट चुकली तर वादळांचा मोसम सरेपर्यंत दुसरी नाही, आणि तोवर बेटावरची माणसं देवाच्या भरवशावर. म्हणून साग्रसंगीत पूजा केली. हळद-कुंकू, झेंडू, शेजारी तुपाचं निरांजन. प्रसन्न मनाने वर आलो.

थोड्या वेळाने त्या यंत्राची स्क्रीनवरची रेघ चढायला लागली. तळघर फुगत होतं! मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात, शॉपिंग सेंटरच्या मागे, ज्वालामुखी?

आमची प्रमुख हेलन. अर्धं आयुष्य धुमसत्या डोंगरांवर काढलेली बाई. तिने केबल बदलायला लावली, मग सॉफ्टवेअर तपासायला. रेघ चढतीच. मी घाबरून बायकोला फोन लावला.

"मध्येच दिवा शांत झाला असेल," केतकी म्हणाली. "जा, तूप घाल आणि नीट प्रार्थना कर."

गेलो. तूप घातलं, प्रार्थना केली. वर येऊन बघतो तर रेघेला आता पायरीसुद्धा पडलेली! पुन्हा खाली, आणखी तूप, आणखी लांब प्रार्थना. आणखी एक पायरी. श्रद्धा वाढेल तसा ज्वालामुखी खवळत होता, बघा.

शेवटी मीच म्हणालो, "हेलन, यंत्र बाद आहे. बोटीला नकार कळवू या."

तिने आलेखातल्या पायऱ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "यंत्र फर्स्ट क्लास आहे, मंदार. त्याच्या पूर्वेला काहीतरी छोटंसं जळतंय, त्या उष्णतेने ओटा फुगतोय. आणि अधूनमधून एक जड प्राणी येऊन उत्तरेला उभा राहतो. बराच जड. तू खाली कशाला जातोस, मित्रा?"

खाली जाऊन तिने झेंडू पाहिला, निरांजन पाहिलं. मला वाटलं, संपली नोकरी. पण ती फुंकर घालायला वाकली नाही. "हे विझवायचं नसतं ना?" असं विचारून दोन्ही हातांनी ते उचललं आणि जपून वरच्या किचनमध्ये नेऊन ठेवलं. सांगतो, त्या क्षणी मला यंत्रापेक्षा ती बाई थोर वाटली.

रेघ उतरली, यंत्र बोटीवर चढलं. पेटीवर हेलनने बेटावरच्या लोकांसाठी स्वतःच्या हाताने सूचना चिकटवली होती: रेघ चढली तर गाव रिकामं करण्याआधी एकदा बघा, जवळ डुक्कर, गाय किंवा मंदार उभा आहे का.