दुसरा रकाना

आमच्या मंडळात चार माणसं होती, आता तीन आहोत. किस्से मात्र कमी व्हायला तयार नाहीत! एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागे दुसरा उभाच. मी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेला म्हातारा. यातलं काही सांगताना आधी मलाच माझी शंका येते. तुम्हीही घ्या, माझी हरकत नाही.

कोल्हारला तात्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. वरच्या खोलीत रोज दुपारी चारला आम्ही इंटरनेटवर उपग्रहांचे आकडे बघतो: अवकाशातले वेगवान कण आज किती मोजले गेले. एक उपग्रह मुख्य, एक राखीव. रजिस्टरात दोन रकाने: पहिला मुख्यचा, दुसरा राखीवचा.

*

पहिल्यांदा मुख्य उपग्रह बदलला, तेव्हा आलेखावरचा रोजचा उंचवटा एकदम काही तास सरकला. मी घाबरून सगळ्यांना फोन केले, "काहीतरी भयंकर घडतंय!"

मंडळ ज्यांनी काढलं ते देशमुख सर शांतपणे म्हणाले, "प्रोफेसर, नवा उपग्रह दुसऱ्या जागी आहे. त्याची दुपार वेगळ्या वेळी होते, इतकंच."

तात्या म्हणाले, "म्हंजी वरबी पाळ्या हायेत व्हय!"

*

त्याच दिवशी सरांनी नियम घातला. अदलाबदल झाली की दोन उपग्रहांचे आकडे दोघांनी, एकमेकांचं न बघता लिहायचे. मुख्यचे मी, राखीवचे ते. आम्ही सगळे इंग्रजी आकडे लिहायचो. देवनागरी लिहिणारे ते एकटेच.

आणि बाजूला झालेल्या उपग्रहाच्या नावानं एक कप चहा टेबलावर ठेवायचा.

मी हसलो, तर म्हणाले, "हसू नका. तो बंद पडलेला नाही. नुसता गप्प आहे."

*

सर गेले. पुढच्या अदलाबदलीला आम्ही सवयीनं तो कप ठेवला आणि खाली दुकानात उतरलो. वर आलो तर चहा नाही!

"मांजर आसंल," तात्या म्हणाले.

सरांच्या पत्नी, आमच्या देशमुख मॅडम, कपाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मांजर कप विसळून पालथा घालतं का, तात्या?"

*

राहुरीचा एक फवारणीचा ड्रोनवाला मला फोन करायचा. सूर्य खवळला की जीपीएस चुकतं, म्हणून. मी शक्यता-बिक्यता सांगू लागलो की ओरडायचा, "सर, हो का न्हाई तेवढं सांगा, डॉक्टरेट मागनं सांगा!"

एकदा मी राखीवचा कमी आकडा मुख्यच्या रकान्यात लिहिला, तोच वाचला आणि म्हणालो, "उडवा." ड्रोन शेजाऱ्याच्या डाळिंबात जाऊन पडला.

तात्यांनी विचारलं, "डाळिंबं तरी बरी हुती का?"

मला हसू आलं नाही. त्या महिन्यातली ती माझी तिसरी चूक. डोकं साथ सोडतंय, ही भीती मी कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. "आणखी एक चूक झाली, तर रजिस्टर मॅडमकडे. मी यायचा बंद."

*

गेल्या अदलाबदलीला तात्या काष्टीच्या बाजाराला गेले होते, मॅडम नगरला लेकीकडे. खोलीची किल्ली एकच, ती माझ्याकडे. नव्या मुख्य उपग्रहाचा आकडा मी लिहिला. जुन्याचा पडदा कोरा होता. खाली सूचना, 'आकडे दोन दिवसांनी मिळतील.' मी दुसरा रकाना मोकळा सोडला, तीनदा तपासला आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दोघांच्या समोर रजिस्टर उघडलं. दुसरा रकाना भरलेला होता. देवनागरी आकड्यांत.

"मीच लिहिलं असणार," मी म्हणालो. "मनानंच काहीतरी लिहिलं आणि विसरलो. घ्या मॅडम, रजिस्टर."

मॅडमनी हात पुढे केला नाही. त्या अक्षराकडे बघत होत्या.

तात्या म्हणाले, "दम धरा प्रोफेसर. वरचा आकडा तर येऊ द्या."

दोन दिवसांनी आकडे आले. तात्या पडद्यावरून वाचत गेले, मॅडम रजिस्टरवर बोट ठेवून ऐकत होत्या. दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या आकड्यापर्यंत तेच!

तात्या खाली जाऊन चहा घेऊन आले. चार कप.

मॅडमनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"तुमच्याकडेच ठेवा, प्रोफेसर. फक्त दुसरा रकाना मोकळा सोडत जा."