कोथिंबिरीसाठी रस्ता ओलांडताना

ओमानात अल खुवैरमधल्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या किराणा दुकानाची पाटी वाचता येते. तरीही कोथिंबिरीची जुडी आणायला आम्ही गाडी काढायचो, कारण मधला रस्ता ओलांडायला जागाच नव्हती. पुढच्या सिग्नलवरून वळसा घालायचा आणि दुकानासमोर हॉर्न वाजवायचा, की मल्याळी दुकानदार पिशवी घेऊन काचेशी हजर. पाय जमिनीला लावायचीसुद्धा गरज नाही.

गाडी आम्ही काढायचो म्हणजे नवरा काढायचा. मी ड्रायव्हिंग टेस्टला तीनदा नापास, तिन्ही वेळा रिव्हर्स घेताना परीक्षेसाठी मागे मांडलेली पिंपं पाडून. पुण्यात कॉलेजला, नोकरीला, अगदी स्वतःच्या लग्नाच्या खरेदीलाही सायकल दामटत गेलेली मी इथे जुडीभर कोथिंबिरीसाठी नवऱ्याची मीटिंग संपायची वाट बघायचे. तो बिचारा कधी नाही म्हणायचा नाही. पण दर वेळी विचारावं लागायचं, आणि त्याचाच मला संताप यायचा.

एका संध्याकाळी हट्टाने फुटपाथवरून निघाले. पन्नासेक पावलांवर तो वाळूत संपला. तेवढ्यात तीन गाड्या थांबल्या. लिफ्ट हवी का, पाणी हवं का, चौकशाच चौकशा. तिसरी गाडी नेमकी ओळखीच्या मराठी कुटुंबाची निघाली. मुकाट्याने परत फिरले, तोवर नवऱ्याला फोन येऊन गेला होता, की वहिनी रस्त्याने एकट्याच चालल्या होत्या, घरी सगळं ठीक आहे ना? बाई पायी दिसली म्हणजे नवऱ्याशी भांडलेली असणार, हे आमच्या मंडळींनी ठरवूनच टाकलेलं.

यंदा मात्र आमच्या समोरच झेब्रा क्रॉसिंग आखलं आणि फुटपाथ थेट दुकानापर्यंत पोचला. कोथिंबीर संध्याकाळी मी आणतो, असं नवरा म्हणत होता. मी पिशवी उचलून निघालेच.

पट्ट्यांशी उभी राहिले. एक गाडी येऊन थांबली. ती जायची मी वाट बघू लागले, कारण झेब्र्यापाशी गाडी थांबते हे माझ्या पुणेरी डोक्यात शिरेचना. मी हाताने गाडीतल्या गृहस्थांना 'जा' म्हटलं, त्यांनी मला 'या' म्हटलं. मी पुन्हा 'जा'. मागे चार गाड्या खोळंबल्या, पण हॉर्न कोणी वाजवला नाही. शेवटी त्या म्हाताऱ्या ओमानी गृहस्थांनी काच खाली केली.

"यल्ला, सिस्टर, चलो," ते शांतपणे म्हणाले. "ये रस्ता तुम्हारा है."

मी जवळजवळ पळतच ओलांडलं. पलीकडे पोचल्यावर डोळे भरून आले. कोथिंबिरीपायी रडणारी मी बहुधा पहिलीच.

दुकानदाराने पिशवी भरली आणि सवयीने ती घेऊन बाहेर आला. रस्त्यावर इकडेतिकडे बघत म्हणाला, "भाभी, साब की गाडी किधर?"

"साब घर पे हैं," मी पिशवी त्याच्या हातातून घेतली. "मैं चलके आई."