नऊ फुटांचा खलनायक

आमच्या भागात माणसाच्या रूपाचं काही मोठं आणि पोट भरलेलं बनवलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. कुणाचा आहे, आणि कधी जाळायचा? तिसरं काही कुणाच्या डोक्यात येतच नाही. या एका सवयीने माझे तीन महिने मातीत घातले, आणि इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही.

तेव्हा मी बीडला कॉलेजात होते आणि कॉमिक्स काढायचे. स्वतःच लिहायचं, चित्रं काढायची, झेरॉक्स करून मैत्रिणींत वाटायचं. त्यातला खलनायक नऊ फुटांचा होता. गावोगावच्या विहिरींना नळी लावून तो पाणी ओढायचा आणि सगळं पोटात साठवायचा. पुण्यात कॉमिक्सवाल्यांचं संमेलन भरणार होतं. आपल्याच कॉमिकमधलं पात्र अंगावर चढवून यायचं, अशी तिथे स्पर्धा होती. मी अर्ज पाठवला आणि निवड झाली. माझं काम कुणी अनोळखी, जाणतं माणूस बघणार, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडणार होतं.

वर्ष दुष्काळाचं. साखर कारखान्याचा हंगाम सुरूच झाला नव्हता आणि सोसायटीचं खताचं गोदाम रिकामं पडलं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या सोसायटीचे सेक्रेटरी. घराच्या दारातून एवढं धूड बाहेर निघालं नसतं, म्हणून त्यांनी मला गोदामाची किल्ली दिली. वाळून गेलेल्या उसातून ठिबकच्या नळ्या गोळा करून मी सांगाडा बांधला आणि त्यावर साखरेची रिकामी पोती शिवली. तेलगावच्या बाजारात गाद्या भरणारे एक चाचा होते, पोट त्यांनी करून दिलं. आत मी उभी राहणार, म्हणून कापूस न भरता ते फोमच्या पट्ट्या गोल गोल चिकटवत गेले.

"बेटी, सांस घ्यायला जागा ठेव," ते म्हणायचे. "एवढं पोट घेऊन चालनार कशी तू?"

मी चालून दाखवायचे.

चेहरा मात्र मी एकटीने केला. कपाळावर चढवलेला काळा गॉगल, कलप लावलेली मिशी, आठ बोटांत आठ अंगठ्या. हे सगळं मी आमच्या कारखान्याच्या चेअरमनवरून उचललं होतं, पण कुणाजवळ बोलले नव्हते. गावात टँकर येईना आणि यांच्या बंगल्यापुढची हिरवळ काही सुकेना. दुसरा खलनायक मी कुठून आणणार होते?

संमेलन रविवारी होतं. शुक्रवारी सकाळी मी रंग आणायला बीडला गेले. दुपारी परत आले तर गोदाम उघडं, आणि आत काहीच नाही.

झालं होतं असं की त्याच दिवशी चेअरमनने सरकारविरुद्ध फाट्यावर मोर्चा काढला होता. झेंड्यांना बांबू हवेत म्हणून कार्यकर्ते गोदामात शिरले, तर समोर हा उभा. "सेक्रेटरीनं पुतळा तयारच ठेवलाय बे!" म्हणत त्यांनी अण्णांची पाठ थोपटली. तो पुतळा नाही, माझ्या लेकीचं काम आहे, एवढंच अण्णांनी बोलायचं होतं. ते बोलले नाहीत.

मी फाट्यापर्यंत पळत गेले. रस्ता अडवलेला होता. माझा खलनायक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा, गळ्यात चपलांचा हार. आणि खुद्द चेअरमन, कपाळावर गॉगल चढवून, आठ अंगठ्यांच्या हातांनी त्याला जोडे मारत होते! दोघांची पोटं एकमेकांना लागत होती, आणि तिथल्या एवढ्या माणसांत एकालाही काही दिसू नये?

"थांबा, तो माझा हाय!" मी ओरडले.

"समद्यांचाच हाय बाई," एक कार्यकर्ता म्हणाला. "बाजूला व्हा, चटका बसंल."

फोम भसकन पेटला. पोलीस धावले, नेहमीसारखी ओढाओढ झाली, आणि नेहमीसारखा त्यांना उशीर झाला.

"काहून दिला तुमी?" घरी मी अण्णांना विचारलं.

"साहेबाची मानसं हायेत. न्हाई कसं म्हनावं?"

"आन् माझं काम?"

ते चपला घालून बाहेर निघून गेले. रविवारी मी घरीच होते.

पुढे सोसायटीच्या वार्षिक सभेत, आंदोलनासाठी स्वखुशीने पुतळा बनवल्याबद्दल अण्णांचा सत्कार झाला. चेअरमनच्या हस्ते शाल आणि नारळ. बायकांच्या रांगेत बसून मी ते पाहिलं. घरी आल्यावर अण्णांनी शाल माझ्यापुढे ठेवली.

"ही तुझी हाय."

"मंग माईकवर का न्हाई सांगितलं?"

मी कात्री आणली आणि त्यांच्यादेखत शाल उभी कापली.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा अर्ज भरला. खलनायक तोच, पण या वेळी गोदामाचं नाव काढलं नाही, अंगणातच बांधला. कापलेल्या शालीचं त्याला उपरणं केलं. चाचा पोट बसवत होते. अण्णा न बोलावता आले आणि माझ्या मापाच्या टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले. बराच वेळ त्यांनी त्या पोटाकडे पाहिलं.

"कमी झालंय," ते म्हणाले. "साहेबाचं याच्याहून मोठं हाय."

म्हणजे हा कोण आहे, ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. माहीत असूनच त्यांनी तो साहेबाच्या हवाली केला होता, साहेबाने भर रस्त्यात स्वतःच्याच तोंडावर जोडे मारावेत म्हणून.

चाचा मोठ्याने हसले. मी हसले नाही.

"त्यात माझे तीन महिने जळाले, अण्णा."

"ध्यानात हाय," ते म्हणाले, आणि खाली बसून पोटाला आणखी एक पट्टी चिकटवू लागले.